सुरी जिथे मंदावते : ‘वू वेइ’विषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चीनमधील प्राचीन विचारपरंपरांची ओळख करून देताना ताओ (म्हणजे ‘मार्ग’, जगाची आपसूक चालणारी रीत) परंपरेतील ‘वू वेइ’ या कल्पनेला ‘सहज कृती’ असे म्हणून मी पुढे गेलो होतो. त्या दोन शब्दांवर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या संपूर्ण लेखावर आली नाहीत. ती वाचल्यावर माझ्या लक्षात आले, की माझा प्रतिशब्द चुकीचा नसला तरी वाचकाला भलत्या वाटेने नेणारा होता. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : काही न करता सर्व काही होते, असे ताओ सांगतो, असे आपण लिहिले होते. आपल्याकडे यालाच ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. मग तीच गोष्ट चीनमधून आली की तिला तत्त्वज्ञान का म्हणायचे?

उत्तर : आपला टोमणा रास्त आहे आणि त्याला निमित्त माझेच वाक्य झाले आहे. परंतु म्हणीतल्या त्या माणसाकडे जरा नीट पाहा. खाटल्यावर पडलेल्या गृहस्थाला काहीतरी हवे आहे आणि त्याचे ते हवेपण तसूभरही कमी झालेले नाही. हातपाय हलवण्याचे काम तेवढे त्याने हरीवर सोपवले आहे. ‘वू वेइ’त याच्या अगदी उलट अपेक्षित आहे. हातपाय खुशाल हलू द्यावेत. सोडायचा तो हव्यास, आणि जे स्वतःच्या गतीने घडते आहे त्याला आपल्या सोयीच्या साच्यात कोंबण्याचा हट्ट.

चिनी भाषेत ‘वू’ म्हणजे नसणे आणि ‘वेइ’ म्हणजे करणे. मात्र या करण्यात मुद्दाम घडवणे, काही हेतू धरून करणे अशा छटा मिसळलेल्या आहेत. याच ‘वेइ’च्या चिन्हाला डावीकडे माणूस दर्शवणारी खूण जोडली, की तयार होणाऱ्या शब्दाचा अर्थ कृत्रिम किंवा बनावट असा होतो. परंपरेने लाओ त्झूच्या नावावर असलेला ‘ताओ ते चिंग’ हा 81 छोट्या अध्यायांचा ग्रंथ घेतला, तर त्याच्या 63 व्या अध्यायाची सुरुवातच ‘वेइ वू वेइ’ अशी आहे, म्हणजे ‘न-करणे करा’. त्यानंतर थोड्याच ओळींनी सल्ला येतो, की अवघड गोष्ट सोपी असतानाच हाताळावी आणि मोठी गोष्ट लहान असतानाच. 64 वा अध्याय बजावतो, की लोकांची कामे बहुधा पूर्ण होता होता बिघडतात, म्हणून शेवटीही सुरुवातीइतकेच सावध असावे. असा सल्ला झोपलेल्या माणसाला कोणी देत नाही. जो वेळीच, थोडक्यात आणि सतत लक्ष ठेवून काम करतो त्यालाच त्याचा उपयोग.

मग टाळायचे ते काय? याचे सर्वांत बोलके चित्र 38 व्या अध्यायात आहे. तिथे सद्गुणांची उतरंड सांगितली आहे. सगळ्यांत वर तो, जो काही ‘करत’ नाही आणि ज्याच्या मनात कसला छुपा हेतूही नसतो. सगळ्यांत खाली तो शिष्टाचाराचा कैवारी, जो करतो आणि समोरच्यांनी प्रतिसाद दिला नाही की बाह्या सरसावून त्यांना ओढू लागतो. माझ्या मते ‘वेइ’चा टाकायचा अर्थ त्या सरसावलेल्या बाह्यांमध्ये पूर्ण उतरला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने असा माणूस पाहिलेला असतो, आणि पुष्कळदा तो आपणच असतो.

अनुवादांत आणखी एक गोष्ट निसटून जाते. ‘ताओ काही करत नाही आणि तरी न झालेले काही उरत नाही’ हे 37 व्या अध्यायातील वाक्य आपण सुट्या सुविचारासारखे वाचतो. पण त्याच्या लगेच पुढे लिहिले आहे, की राजे आणि सरदार हे पाळू शकले तर सर्व गोष्टी आपण होऊन बदलतील. 1993 साली हुपेइ प्रांतातील ग्वोद्येन येथे एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला या ग्रंथाचा काही भाग सापडला. ते थडगे ख्रिस्तपूर्व 300 च्या सुमाराचे मानतात. त्यातल्या या अध्यायात ‘न झालेले काही उरत नाही’ हा चमकदार तुकडा नाही, राजे आणि सरदार मात्र आहेत. म्हणजे हा सल्ला आधी सत्ताधाऱ्याला आहे, ज्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर हजारो लोक हलतात त्याला. मोठे राज्य चालवणे म्हणजे लहान मासा शिजवणे, असे 60 वा अध्याय म्हणतो. टीकाकार त्याचा अर्थ लावतात, की सारखा उलथापालथा केला तर माशाचा चुरा होतो.

प्रश्न : मी घड्याळे दुरुस्त करतो. अलीकडे एका कार्यशाळेत सांगण्यात आले, की ‘वू वेइ’ म्हणजे विचार थांबवणे. विचार थांबला की हात आपोआप चालतात. माझा अनुभव असा आहे, की विचार थांबला की स्प्रिंग उडते आणि मग ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शोधावी लागते. चूक कोणाची?

उत्तर : स्प्रिंगची नक्कीच नाही. अशा कार्यशाळांमध्ये बहुधा ताओ परंपरेतील दुसरा मोठा विचारवंत च्वांग त्झू याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातील तिंग या खाटकाची गोष्ट सांगितली जाते, आणि ती अर्ध्यावर थांबवली जाते. मी ती शेवटपर्यंत सांगतो.

तिंग हा वेन हुई या राजाच्या पदरचा माणूस. राजासमोर तो बैल कापतो आहे. हाताचा स्पर्श, खांद्याचा रेटा, पायाचा टेकू, गुडघ्याचा दाब आणि सुरीची सळसळ हे सगळे एखाद्या नृत्याच्या ठेक्यात चालले आहे. राजा थक्क होऊन कौतुक करतो, तेव्हा तिंग सुरी खाली ठेवून म्हणतो, की मला ओढ आहे ती ताओची, ती कसबाच्या पलीकडची आहे. सुरुवातीला त्याला समोर नुसता बैल दिसे. तीन वर्षांनंतर अख्खा बैल दिसेनासा झाला. आता तो डोळ्यांनी पाहतच नाही. चांगला खाटीक वर्षाला एक सुरी बदलतो, कारण तो कापतो. सामान्य खाटीक महिन्याला बदलतो, कारण तो तोडतो. तिंगची सुरी 19 वर्षांची आहे, तिने हजारो बैल कापले आहेत आणि तिची धार अजून नुकतीच दगडावर लावल्यासारखी आहे. सांध्यांमध्ये फट असते आणि पात्याच्या धारेला जाडी नसते. ज्याला जाडी नाही ते फटीत घातले तर फिरायला ऐसपैस जागा मिळते.

कार्यशाळा इथे टाळ्या घेऊन संपते. तिंगचे बोलणे मात्र संपलेले नाही. तो पुढे सांगतो, की एवढे असूनही जेव्हा एखादी गुंत्याची जागा येते, तेव्हा ती अवघड आहे हे मला दिसते; मी सावध होतो, नजर एका जागी खिळते, हात मंदावतो आणि सुरी अगदी जरा म्हणून हलते; मग एकदम, ढेकूळ जमिनीवर सुटून पडावे तसा तो भाग मोकळा होतो. त्यानंतर तो सुरी हातात धरून उभा राहतो, चहूकडे पाहतो, समाधानाने जरा रेंगाळतो, सुरी पुसतो आणि ठेवून देतो.

एकोणीस वर्षांच्या सरावानंतरही हात मंदावतो, हा या गोष्टीचा गाभा आहे असे मला वाटते. सहजतेचा अर्थ न बघता सुसाट सुटणे असा असता तर सुरी त्या गुंत्यातच बोथट झाली असती. सराईत माणसाला सोपी जागा आणि अवघड जागा यांतला फरक आधी जाणवतो आणि तो त्या फरकाप्रमाणे आपला वेग बदलतो. त्यात त्याला स्वतःशी झगडावे लागत नाही, म्हणून बघणाऱ्याला ते सहज वाटते. चिमट्याच्या टोकावर स्प्रिंग धरलेली असताना आपला श्वास जसा आपसूक रोखला जातो, तसेच हे आहे.

तरीही कार्यशाळेवाल्यांचे सगळेच चुकले असे म्हणवत नाही. कोणता तरी विचार थांबायला हवा हे खरेच आहे. कोणता, ते च्वांग त्झूच्या 19 व्या अध्यायातील छिंग या सुताराने सांगितले आहे. तो घंटा टांगायची लाकडी घोडी इतकी अप्रतिम कोरत असे, की लोकांना ते भुताखेतांचे काम वाटे. तो म्हणतो, की काम घेण्यापूर्वी मी उपास करून मन शांत करतो. तीन दिवसांनी बक्षीस, बिदागी, पद यांचा विचार गळतो. पाच दिवसांनी स्तुती-निंदा आणि कसबी-अनाडी यांचा. सात दिवसांनी मला हातपाय आणि देह आहे याचाही विसर पडतो. मग तो रानात जातो, झाडे निरखतो, आणि एखाद्या झाडात घोडी तयार दिसली तरच हात लावतो. नाही दिसली तर सोडून देतो. लाकडाविषयीचा विचार त्याने कुठेही थांबवलेला नाही, उलट त्यालाच जागा करून दिली आहे. आपल्या टेबलावर बोलायचे तर गिऱ्हाईक काय म्हणेल आणि संध्याकाळपर्यंत किती घड्याळे होतील हे विचार जावेत, स्प्रिंगचा राहावा.

प्रश्न : प्रयत्न करून निष्प्रयत्न होता येईल का? हे मला स्वतःच्या खांद्यावर स्वतःच बसण्यासारखे वाटते.

उत्तर : ही गाठ खरीच आहे आणि प्राचीन चिनी विचारवंतांना ती चांगली ठाऊक होती. लाओ त्झू 48 व्या अध्यायात सुचवतो, की विद्येत रोज भर पडते आणि ताओत रोज घट होते, घटत घटत ‘वू वेइ’पर्यंत पोचायचे, म्हणजे मिळवायचे काहीच नाही, फक्त काढून टाकायचे आहे. मला स्वतःला अधिक पटणारे उत्तर ताओ परंपरेबाहेरच्या, कन्फ्यूशियसच्या परंपरेतील मेन्शियसने दिले आहे. सुंग राज्यातील एका शेतकऱ्याची रोपे वाढेनात, म्हणून त्याने एकेक रोप वर ओढले आणि दमून घरी येऊन सांगितले, की आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत जाऊन पाहतो तो सगळी रोपे सुकलेली. ही गोष्ट सगळ्यांना आठवते, पण मेन्शियसने तिथेच जोडलेले दुसरे वाक्य क्वचितच कोणी सांगते : आपल्या हातात काही नाही असे समजून जे शेत तसेच सोडतात, ते निंदणी न करणारे होत. निंदणी हा प्रयत्नच आहे, चांगला पाठ मोडणारा प्रयत्न. वाढणे तेवढे शेतकऱ्याच्या हातचे नाही.

प्रश्न : तिंगच्या जागी पाकीटमार कल्पिला तर? त्याचाही हात सहज चालतो, तोही फट शोधतो, त्याच्याही मनात त्या क्षणी ‘मी’ नसतो. ‘वू वेइ’मध्ये त्याला नाकारण्याची काही सोय आहे का? नसेल तर हे नीतिशास्त्र नव्हे, केवळ कसब आहे.

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि तो च्वांग त्झूच्या ग्रंथालाही पडलेला आहे. 10 व्या अध्यायात चिह नावाच्या दरोडेखोराला त्याचे चेले विचारतात, की दरोडेखोरालाही ताओ असतो का? तो म्हणतो, नसून कसे चालेल? घरात काय दडवले आहे ते अचूक ताडणे ही प्रज्ञा, सर्वांच्या आधी आत शिरणे हे धैर्य, सर्वांच्या शेवटी बाहेर पडणे ही न्यायबुद्धी, डाव साधेल की नाही ते ओळखणे हे शहाणपण आणि लुटीची समान वाटणी ही माणुसकी. या पाचांवाचून कोणी मोठा दरोडेखोर झालेला नाही. यात टोला आहे तो ऋषिमुनींच्या सद्गुणांना, कारण ते सद्गुण चोरालाही तितकेच कामी येतात. पण तो टोला उलटून तिंगच्या सुरीलाही बसतो, हे आपण बरोबर हेरले आहे.

म्हणून मी स्पष्टच लिहितो, की कौशल्याच्या गोष्टींतून नीती काढू नये, ती तिथे नाही. तिंगच्या गोष्टीतही नाही. राजा ती ऐकून म्हणतो, की जीवन कसे जपावे हे मला कळले. जपले जाते ते सुरीचे आणि सुरी धरणाऱ्याचे जीवन. बैलाचे मत गोष्टीत कोणी विचारलेले नाही. हा ग्रंथ मी पुष्कळदा वाचला आहे, आणि दर वेळी त्या जागी मला थोडे अवघडल्यासारखे होते.

नीती शोधायची असेल तर ‘वू वेइ’बरोबर नेहमी येणारा दुसरा शब्द हाताशी घ्यावा लागतो : ‘त्झुरान’, म्हणजे आपले आपण तसे असणे. ‘ताओ ते चिंग’च्या 64 व्या अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे, की ज्ञानी माणूस सर्व गोष्टींच्या ‘त्झुरान’ला साहाय्य करतो आणि स्वतः काही करण्याचे धाडस करत नाही. इथे पारडे फिरते. कृती माझ्यासाठी किती सोपी झाली हा प्रश्न मागे पडतो आणि जिच्यावर कृती होते आहे तिचे स्वतःचे चालणे शाबूत राहिले का, हा प्रश्न पुढे येतो. माझा ‘सहज कृती’ हा प्रतिशब्द फसवा ठरला तो याच ठिकाणी, कारण त्याने सगळे लक्ष करणाऱ्याच्या आरामाकडे वळवले.

च्वांग त्झूच्या 18 व्या अध्यायातला समुद्रपक्षी या बाबतीत तिंगपेक्षा अधिक शिकवतो. हा पक्षी लू राज्याच्या वेशीबाहेर उतरतो. तेथील राजा त्याला पूर्वजांच्या मंदिरात आणतो, मद्य देतो, राजदरबारचे उत्तमोत्तम संगीत ऐकवतो, मेजवानीचे मांस पुढे ठेवतो. पक्ष्याचे डोळे गरगरतात, तो एक घास खात नाही, एक घोट पीत नाही आणि तीन दिवसांत मरतो. राजाच्या मनात कपट नव्हते. त्याला जे गोड लागे तेच त्याने पक्ष्याला दिले. या कसोटीवर पाकीटमार पहिल्याच पायरीला गळतो, कारण त्याची सारी सफाई समोरच्याला काही कळू न देण्यावर उभी आहे. तो समोरच्याची चाल ओळखतो ती तिचा फायदा उठवण्यासाठी. पण त्याच कसोटीवर दयाळू राजाही नापास होतो, ही या विचाराची खरी धार आहे. दुष्टाला नाकारायला कोणतेही नीतिशास्त्र पुरते. सद्हेतूने केलेली लुडबुड पकडायला मात्र हे एक विशेष कामाचे आहे.

तरीही आपल्या शंकेतला एक भाग शिल्लक राहतो आणि तो मी झाकणार नाही. ‘वू वेइ’ नुसते तंत्र म्हणून उचलता येते, आणि उचललेही गेले. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील हान फेइ हा कठोर कायद्याचा पुरस्कर्ता. त्याच्या नावावरील ग्रंथात लाओ त्झूवर दोन अध्याय आहेत, आणि त्याने रंगवलेला राजाही ‘काही करत नाही’. तो आपली आवडनिवड लपवून स्वस्थ बसतो, म्हणजे कोणाला खुशामत करता येत नाही, आणि बक्षीस व शिक्षा यांचे यंत्र आपोआप फिरत राहते. राजाला किती सहज! प्रजेला किती ते निराळे सांगायला नको. लाओ त्झूला या वाटेने जायचे नव्हते असे मी मानतो, ते 67 व्या अध्यायावरून. तिथे तो आपली तीन रत्ने सांगतो : ममता, काटकसर आणि जगाच्या पुढे पुढे न करणे. 31 व्या अध्यायात तर युद्ध जिंकल्यावर तो प्रसंग अंत्यविधीसारखा पाळावा असे सांगितले आहे. ही रत्ने काढून घेतली तर उरलेले ‘वू वेइ’ पाकीटमाराच्या हाती देण्याजोगेच आहे.

प्रश्न : हे गीतेतील निष्काम कर्मच नव्हे का?

उत्तर : शेजारचे आहे, तेच नव्हे. कर्मे न आरंभल्याने नैष्कर्म्य लाभत नाही, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले म्हणणे लाओ त्झूला मान्य झाले असते. चौथ्या अध्यायातले ‘कर्मात अकर्म’ तर ‘वेइ वू वेइ’च्या अगदी जवळ येते. पण गीतेचा प्रश्न कर्त्याच्या बंधनाचा आहे आणि त्याचे कर्तव्य तिथे स्वधर्माने ठरलेले आहे. ताओ परंपरा ठरीव कर्तव्याकडेच संशयाने पाहते. महान ताओ लोपला तेव्हा माणुसकी आणि न्याय यांचा गवगवा सुरू झाला, असे ‘ताओ ते चिंग’चा 18 वा अध्याय म्हणतो.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 84 आहे आणि त्यांचे हात थरथरतात. शर्टाची बटणे लावायला त्यांना दहा-दहा मिनिटे लागतात. मी पुढे होऊन लावून दिली की ते गप्प होतात, आणि नुसती उभी राहिले तर मला ते दुर्लक्ष वाटते. आपल्या लेखातील ‘सहज कृती’ वाचून मला मदत झाली नाही, राग आला. सहज काय आहे यात?

उत्तर : आपला राग योग्य आहे. यात सहज काहीच नाही, आणि तसा भासही मी निर्माण करायला नको होता.

च्वांग त्झूच्या चौथ्या अध्यायात घोड्यावर जीव टाकणारा एक माणूस आहे. तो घोड्याची लीद टोपलीत झेलतो, मूत्र शिंपल्यात धरतो. एकदा घोड्याच्या अंगावर डास बसलेला दिसतो आणि तो माणूस अवेळी, एकदम चापट मारतो. घोडा बिथरतो, लगाम तोडतो आणि त्यात डोके-छाती दुखावून घेतो. माया खरी होती. तिची वेळ चुकली. आपले हात पुढे होतात तेव्हा मायाच पुढे होत असते, पण वडिलांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी सुरू केलेले काम मध्येच काढून घेतले जाते.

बटण लावून देणे आणि नुसते पाहत राहणे, यांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. काज असलेल्या पट्टीची कड दोन बोटांनी ताणून धरा, म्हणजे काज उघडे राहील. बटण त्यांनाच सरकवू द्या. बहुधा सर्वांत त्रास देते ते गळ्याचे बटण, कारण ते स्वतःला दिसत नाही. ते त्यांनी मागितले तर लावा. बटणे खालून वर लावायला घेतली तर निदान पहिली दोन-तीन डोळ्यांसमोर येतात. डॉक्टरांची वेळ गाठायची असेल त्या दिवशी सरळ सगळी लावून द्या आणि तसे सांगून लावा. 64 व्या अध्यायातले ‘साहाय्य करणे’ एरवी फार उंचावरचे वाटते. मला ते त्या ताणून धरलेल्या कडेइतकेच दिसते. त्यांचा मूड रोज सारखा नसेल, त्यामुळे काल जमलेले आज जमणार नाही, हेही धरून चाला. आपण स्वतः दमलेल्या असाल तर हे सदर बाजूला ठेवून दुसऱ्या कोणाला तरी एक सकाळ सांभाळायला सांगा.

प्रश्न : सगळेच असे ‘वू वेइ’ झाले तर अन्यायाविरुद्ध कोण उभे राहणार? मला हे सुखवस्तू माणसांचे तत्त्वज्ञान वाटते.

उत्तर : ते तसे झाले आहे हे खरे. पण सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे हा सल्ला आधी राजाला आहे, आणि राजाला तो गोड लागणारा नाही. प्रजा उपाशी आहे, कारण वरचे लोक करात फार धान्य खातात, असे 75 वा अध्याय म्हणतो. 57 व्या अध्यायात बंदी वाढली की दारिद्र्य वाढते आणि हुकूम वाढले की चोर वाढतात असे आहे. ज्याच्या हातात काठी आहे त्याला ‘थांब’ म्हणणे आणि ज्याच्या पाठीत ती बसते आहे त्याला ‘थांब’ म्हणणे, ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुसरे वाक्य ताओच्या नावावर खपवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

हे राज्यकारभारात एकदा करून पाहिले गेले आहे. छिन घराण्याच्या जाचानंतर आलेल्या हान राजवटीत त्साओ शेन हा ख्रिस्तपूर्व 193 मध्ये प्रधान झाला. त्याने आधीच्या प्रधानाचे नियम जसेच्या तसे चालू ठेवले, आणि कोणी सुधारणा सुचवायला आले की तो त्यांना मद्य पाजून परत पाठवी. तरुण सम्राट हुई याने नाराजी दाखवली, तेव्हा त्साओ शेनने विचारले, की आपण आपल्या वडिलांपेक्षा थोर आहात काय, आणि मी माझ्या आधीच्या प्रधानापेक्षा? दोन्ही उत्तरे नकारार्थी आल्यावर तो म्हणाला, की मग त्यांनी घालून दिलेले पाळावे हेच बरे. पुढे वेन आणि चिंग या सम्राटांच्या काळात शेतसारा उत्पन्नाच्या तिसाव्या हिश्श्यापर्यंत उतरला आणि देश सावरला. याच सैल हातामुळे प्रांतोप्रांतीचे राजपुत्र मात्र शिरजोर झाले आणि ख्रिस्तपूर्व 154 मध्ये सात राज्यांनी बंड केले. थकलेल्या देशाला विसावा देण्यासाठी हे धोरण उत्तम होते. बळावत चाललेल्या सत्तेला आवर घालण्यासाठी त्यात काही नव्हते. आपल्या आक्षेपातला खरा भाग मला इथे दिसतो.

जो सत्तेत नाही पण ज्याला गप्पही बसवत नाही, त्याच्यासाठी च्वांग त्झूच्या चौथ्या अध्यायाची सुरुवात आहे. वेइ राज्यातला तरुण राजा बेफिकीर आहे, प्रजा मरते आहे, आणि कन्फ्यूशियसचा शिष्य येन हुई तिथे जाऊन त्याला सुधारायला निघाला आहे. गोष्टीतला कन्फ्यूशियस त्याला बजावतो, की जाशील आणि मारला जाशील, कारण तुझ्या डोक्यात अजून तुझ्या चांगुलपणाचे प्रदर्शन आहे. येन हुई एकामागून एक योजना मांडतो आणि प्रत्येक योजना फेटाळली जाते. शेवटी कन्फ्यूशियस मनाचा उपास सांगतो, म्हणजे ऐकण्यासाठी मन रिकामे करणे. आणि पुढे, आत शिरकाव झाला तर गा, न झाला तर थांब. त्याला जाऊ नको असे मात्र तो कुठेच म्हणत नाही. हा मार्ग मला पुरेसा वाटतो का? नेहमी नाही. तिसऱ्या अध्यायात लाओ त्झू लोकांची मने रिकामी आणि पोटे भरलेली ठेवावीत, त्यांना ज्ञान आणि इच्छा नसाव्यात असे लिहितो, तेव्हा टीकाकारांची सर्व स्पष्टीकरणे वाचूनही ती ओळ माझ्या घशाखाली उतरत नाही.

प्रश्न : मूळ ग्रंथ वाचायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ‘ताओ ते चिंग’च्या पहिल्या अध्यायापासून करू नये, तिथे पुष्कळ वाचक अडकतात आणि पुस्तक मिटवतात. आधी च्वांग त्झूचा तिसरा आणि 19 वा अध्याय वाचा, त्यातल्या गोष्टी स्वतःच वाट काढून देतात. मग लाओ त्झूचे 17, 57, 63 आणि 64 हे अध्याय घ्या. 1973 साली चांगशा शहराजवळ मावांगद्वेइ येथे सापडलेल्या रेशमी प्रतींमध्ये ग्रंथाचा उत्तरार्ध, म्हणजे 38 व्या अध्यायापासूनचा भाग, आधी येतो. त्यामुळे मधूनच वाचायला सुरुवात केली म्हणून संकोच वाटू देऊ नका. शक्य असेल तर दोन अनुवाद शेजारी ठेवा, आणि जिथे ते एकमेकांशी भांडतील तिथे पेन्सिलीने खूण करून पुढे जा.